थुंकीचा इतिहास

मी इतिहासकार नाही. दहावीनंतर शाळा सुटली आणि सूतगिरणीत लागलो. रिंग फ्रेमवर आठ तास तुटलेली तार सांधतो. पाळी सुटली की विहारातल्या कपाटातलं एखादं पुस्तक काढतो आणि झोप येईपर्यंत वाचतो. त्यामुळं ह्या लेखात विद्वानांची भाषा सापडणार नाही. पण इतिहास ज्यांच्या पाठीवरून गेला त्यांनाही तो लिहायचा हक्क आहे असं मी समजतो.

मित्रांनो, देशापुढचे मोठे प्रश्न कोणते म्हणून विचारलं तर तज्ज्ञ लोक यादी देतात. बेकारी, आरोग्य, शिक्षण, घरं, पाणी, शहरांची स्वच्छता. यादी बरोबरच आहे. पण प्रत्येक प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला असतो आणि त्याचं नाव यादीत नसतं. मी त्याचा शोध एका बारक्या गोष्टीतून घेणार आहे. ती गोष्ट म्हणजे थुंकी.

पेशवाईत पुण्यात अस्पृश्याला गळ्यात मडकं बांधून फिरावं लागे, म्हणजे त्याची थुंकी रस्त्यावर पडून सवर्णाच्या पायाला लागणार नाही. बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, पण होऊ न दिलेल्या भाषणात हे नोंदवलंय. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. मडकं गेलं. आपल्याला वाटलं, थुंकीचा प्रश्न मिटला.

१८५४ साली कावसजी दावरांनी मुंबईत पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि १८५६ मध्ये ती गिरणी सुरू झाली. वाफेचं इंजिन आलं, भोंगा आला, घड्याळ आलं. गावात बलुतं आणि वेठबिगार, इथं रोख पगार. गावात विहीर वेगळी, इथं सगळे एकाच फाटकातून आत. आपली माणसं साताऱ्याहून, रत्नागिरीहून, नगरहून मुंबईला धावली ती ह्याच आशेनं. यंत्राला जात कळत नाही असं त्यांना वाटलं. खरंच आहे, यंत्राला कळत नाही. यंत्रापाशी उभ्या असलेल्या माणसाला कळते.

माझा पणजा त्या काळात सातारा जिल्ह्यातून मुंबईला गेला आणि रिंग खात्यात लागला. त्याच्या मागं आजाही त्याच खात्यात लागला. आजा म्हणायचा, "पोरा, आमी सूत काढायचं आन् त्येंनी कापड इनायचं. तुझ्या पणजाला साचेखात्याच्या दारातनं आत कुनी घेतलं न्हाई. हात चांगला हुता त्येचा, पर त्वांड बाटकं हुतं."

तोंड बाटकं. हे मला लहानपणी कळत नव्हतं. विणकामात तोंडाचा काय संबंध? पुढं स्वतः गिरणीत लागल्यावर एका जुन्या साचेवाल्यानं मला समजावून सांगितलं.

धोट्यात सुताची कांडी बसवलेली असते. कांडीवरचं सूत संपलं की साचेवाला नवी कांडी घालतो. मग सुताचं टोक धोट्याच्या बारीक भोकातून बाहेर काढावं लागतं. जुन्या धोट्यात त्याची सर्वांत झटपट रीत एकच. भोकाला तोंड लावायचं आणि श्वास आत ओढायचा. सुताचं टोक चटकन बाहेर येतं. सूत संपत राहतं, कांड्या बदलत राहतात, दिवसभरात कितीतरी वेळा तोंड धोट्याला लागतं. आणि धोटा कुणा एकाचा नसतो. दिवसपाळीवाल्याचं तोंड लागलेल्या धोट्याला रातपाळीवाल्याचं तोंड लागतं.

बस्स. एवढ्या कारणावरून मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात बंदी होती. त्याच्या थुंकीनं धोटा बाटणार. साचेखात्यातला पगार सूतखात्यापेक्षा बराच जास्त. म्हणजे पिढ्यान् पिढ्या आपल्या घरात जे पैसे कमी आले ते सरकारच्या कुठल्या कायद्यानं कमी केले नव्हते, मालकाच्या कुठल्या छापील नियमानंही नव्हते. धोट्याच्या त्या बारीक भोकातून ते गळून गेले.

आणखी एक गंमत ऐका. विदर्भातले महार जुन्या काळापासून हातमागावर जाडंभरडं कापड विणत. म्हणजे विणणं आपल्याला नवं नव्हतं. माग हाताचा होता, घरातला होता, तोवर आपण विणकर. माग वाफेवर चालायला लागला, त्याला बरा पगार चिकटला, तेव्हा आपलं तोंड बाटकं झालं.

आता जरा समुद्रापलीकडं बघू. धोट्याला तोंड लावायची ही रीत इंग्लंडातल्या लँकेशायरच्या गिरण्यांत होती, अमेरिकेतही होती. तिथल्या कामगारांनाही एकमेकांच्या थुंकीची किळस होती. पण त्यांनी विचारलं, ह्यातून रोग पसरतो का? छातीत धूळ जाते का? दात किडतात का? अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ साली ह्या रीतीवर कायद्यानं बंदी घातली. लँकेशायरमध्ये बंदी यायला १९५२ उजाडलं. तोंड न लावता हातानं सूत ओवता येईल असे धोटे निघाले. तिथं थुंकी हा आरोग्याचा प्रश्न झाला आणि म्हणून त्यावर सगळ्यांसाठी उपाय निघाला. आपल्याकडं थुंकी हा विटाळाचा प्रश्न राहिला आणि म्हणून त्यावर एकच उपाय निघाला. आपल्याला बाहेर ठेवणं. धोटा बदलण्यापेक्षा माणूस वगळणं स्वस्त पडलं. ह्याचा तोटा आत असलेल्या साचेवाल्यालाही झालाच. विटाळ टळला एवढ्यावर तो खूष राहिला आणि दुसऱ्याचा खोकला स्वतःच्या छातीत ओढत बसला.

हे वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढं पुन्हा लागणार आहे.

१९२८ च्या एप्रिलात मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार ऑक्टोबरपर्यंत, जवळजवळ सहा महिने बाहेर होते. पुढारी कम्युनिस्ट आणि त्यांच्या जोडीला इतर. मागण्यांची यादी सतरा कलमांची. पगारकपात नको, जादा साचे माथी मारू नका, कामाचे तास वाढवू नका. सगळ्या रास्त. पण धोट्याचं नाव कुठं नव्हतं. तेव्हा बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना विचारलं, आमच्या माणसांना साचेखात्याचं दार बंद आहे, त्याचं काय? ही मागणी घेत नसाल तर आम्ही आमच्या माणसांना संपातून बाहेर काढू. पुढाऱ्यांनी कां-कूं केलं, शेवटी नाइलाजानं मागणी घेतली. मालकांपुढं ती गेली तेव्हा मालकांनी हात झटकले. हा अन्याय असलाच तर तो आम्ही केलेला नाही, असं त्यांचं म्हणणं.

मालक त्या एका जागी खरं बोलत होते, हेच तर आपलं दुखणं. दार मालकानं लावलं नव्हतं. शेजारच्या साच्यावरच्या कामगारानं लावलं होतं. तोच कामगार संध्याकाळी लाल बावट्याखाली जगातल्या कामगारांनो एक व्हा म्हणून मूठ वळत होता. मालकानं दार लावलं नसेल, पण लावलेलं दार त्याच्या फायद्याचं होतं. ज्याला वर जायला वाव नाही तो मिळेल त्या पगारात राबतो.

१९२९ च्या एप्रिलात दुसरा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी आपल्या लोकांना कामावर जायला सांगितलं. सहा महिन्यांच्या उपासमारीतून, सावकाराच्या कर्जातून लोक अजून वर आले नव्हते. तेव्हापासून आजवर आपल्याला हिणवतात की तुम्ही एकजूट फोडली. मी रातपाळीत ह्यावर पुष्कळ विचार केला. एकजूट असती तर फुटली असती ना? ती धोट्यापाशीच फुटलेली होती. बाबासाहेबांनी फक्त बोट ठेवून दाखवलं. जात कामं वाटून देत नाही, ती कामगारच वाटून टाकते, हा त्यांचा पुढं १९३६ मधला मुद्दा मला तरी ह्या धोट्यातूनच समजला.

आणि बाबासाहेब कामगारांच्या विरोधात होते असं म्हणणाऱ्यांनी १९३८ साल बघावं. त्याआधी १९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला होता. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत त्यांनी सांगितलं की आपले शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. तिथं त्यांनी रेल्वेचं उदाहरण दिलं. आपला माणूस गँगमन होतो, पण हमाल होत नाही. का? तर स्टेशनमास्तर हमालाकडून घरची कामं करून घेतो आणि अस्पृश्य त्याच्या घरात चालत नाही. गिरणीत थुंकी, रेल्वेत घरचं पाणी. इंजिन विलायती, नियम मनूचा. त्याच वर्षी मुंबई सरकारनं संपाचा हक्क आवळणारं औद्योगिक कलह विधेयक आणलं. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्याविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. त्यात बाबासाहेब कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. पोलिसांनी गोळीबार केला. म्हणजे एकजुटीला त्यांचा नकार कधीच नव्हता. आपल्याला दाराबाहेर ठेवून केलेल्या एकजुटीला होता.

आता सरकारी धोरणाकडं वळू. कारखान्याचा पहिला कायदा १८८१ चा. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ मध्ये साडेपाच हजार कामगारांच्या सह्या गोळा केल्या. १८९० च्या जूनमध्ये गिरण्यांना रविवारची सुट्टी मिळाली ती ह्या सत्यशोधक माणसाच्या धडपडीतून. १९२२ मध्ये आठवड्याचे तास ६० झाले, १९३४ च्या कायद्यानं ५४. १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्यांनी मांडलेल्या दुरुस्तीनं १९४६ मध्ये ते ४८ वर आले. आज मी आठ तासांनी साच्यावरून हटतो तेव्हा त्या माणसाचा हात माझ्या खांद्यावर असतो. कामगार विम्याची पायाभरणी त्यांच्याच काळात झाली, कायदा १९४८ मध्ये आला. आणि १९४३ मध्ये सरकारी नोकरीत अनुसूचित जातींसाठी ८.३३ टक्के जागा राखून ठेवल्या गेल्या.

ह्या यादीत एक गोष्ट बघा. तासांचे कायदे सगळ्या कामगारांना लागू. पण तास मोजून दार उघडत नाही. ४८ तास सूतखात्यात आणि ४८ तास साचेखात्यात सारखे नसतात. म्हणून बाबासाहेबांनी दोन्ही हातांनी काम केलं. एका हातानं सगळ्यांचे तास कमी केले, दुसऱ्या हातानं आपल्यासाठी दार उघडायला लावलं. स्वातंत्र्यानंतरच्या राज्यकर्त्यांनी पहिला हात मिरवला आणि दुसरा सरकारी नोकरीपुरता ठेवला. १९५० च्या घटनेत सतराव्या कलमानं अस्पृश्यता गेली. १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा आला, १९७६ मध्ये तो कडक झाला. पण खाजगी कारखान्यात कुठल्या खात्यात कोण उभा आहे हे मोजायची जबाबदारी कुणावर टाकली नाही. जे मोजलं जात नाही ते नाकारायला सोपं असतं.

मग धोट्याचं काय झालं? ह्याचं उत्तर ऐकून मला हसू येतं आणि रडूही येतं. कांडी आपोआप बदलणारे साचे आले. पुढं बिनधोट्याचे माग आले. तोंड लावायची गरजच उरली नाही. थुंकी जातीच्या मनातून पुसली गेली नाही, यंत्रानं ती निरुपयोगी केली. म्हणून १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या बीडीडी चाळींत जे झालं ते झालं. पँथरच्या सभेनंतर दंगल पेटली, आणि भागवत जाधव ह्या आपल्या भावाचा जीव गेला. त्या वस्त्या कामगारांच्याच होत्या. एकाच भोंग्यावर उठणारी माणसं, आणि दगड जात बघून पडला.

१८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. माझा आजा त्यांत होता. तो संप रीतसर मिटलाच नाही, गिरण्याच मिटत गेल्या. आजा बिऱ्हाड उचलून गावी आला. बाप पॉवरलूमवर गेला, मी सूतगिरणीत. शंभर वर्षांत आमच्या घरानं मुंबई बघून आली आणि पुन्हा सुतापाशीच.

आता माझी गोष्ट. २०२४ च्या पावसाळ्यात आमच्या गिरणीतल्या संडासाची टाकी तुंबली. कंत्राटदाराचा माणूस रिंग खात्यात आला. चाळीसेक पोरं उभी होतो. त्यानं तिघांना बोलावलं. तिघांची नावं त्यानं मस्टरमधनं वाचली नाहीत, तोंडं बघून बोट केलं. तिघंही आपल्या वस्त्यांतले. दोघं बौद्ध, एक मातंग. कामावर घेताना त्यानं विचारलं होतं, गावात घर कुठल्या बाजूला? तेव्हा मला तो प्रश्न साधा वाटला होता.

तो म्हणाला, "अर्ध्या तासाचं काम हाय. पाचशे जादा देतो."

मी उतरलो नाही. मी शूर आहे म्हणून नाही. आदल्याच महिन्यात मी वाचलं होतं की मैल्यातून हायड्रोजन सल्फाईड नावाचा वायू सुटतो. थोडा असला तर कुजक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकाची वास घ्यायची ताकदच मरते. माणसाला वाटतं वास गेला, उतरायला हरकत नाही. तो उतरतो आणि खालीच राहतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही राहतो. मी त्याला म्हणालो, २०१३ च्या कायद्यानं सुरक्षेची साधनं न देता टाकीत माणूस उतरवणं गुन्हा आहे. दोन वर्षं कैद किंवा दोन लाख दंड, किंवा दोन्ही. तो माझ्याकडं बघतच राहिला. मग म्हणाला, "लई शिकलास रं तू." दुसऱ्या दिवशी टाकी उपसायची गाडी आली. अर्ध्या तासात काम झालं. मला आठ दिवस बदलीवर ठेवलं. आठ दिवसांची भाकरी गेली, तीन जीव राहिले. हिशेब परवडला.

मघाचं वाक्य आता काढा. धोटा बदलण्यापेक्षा माणूस वगळणं स्वस्त पडलं. इथं गाडी मागवण्यापेक्षा माणूस उतरवणं स्वस्त पडतं. एका जागी जात आपल्याला यंत्रापासून लांब ठेवते, दुसऱ्या जागी जात आपल्यालाच यंत्र करते. दोन्हीकडं तोच हिशेब. मैला वाहण्याविरुद्ध कायदा १९९३ मध्ये आला, दुसरा २०१३ मध्ये. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं गटारातल्या प्रत्येक मृत्यूला दहा लाख भरपाई ठरवली. २०२३ च्या ऑगस्टमध्ये आपलं यान चंद्रावर उतरलं. दोनच महिन्यांनी त्याच न्यायालयाला भरपाई तीस लाख करावी लागली, कारण माणसं अजून गटारात उतरत होती आणि मरत होती. चंद्रावर यंत्र उतरवणारा देश गटारात माणूस उतरवतो. इथं अडलं ते विज्ञान नव्हे.

आणि हे फक्त अडाणी कंत्राटदाराचं काम आहे असंही नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल ह्यांचा अभ्यास २००७ मध्ये छापून आला. खाजगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज पाठवले, फक्त नावं वेगवेगळी. दलित नावाच्या अर्जाला बोलावणं कमी आलं. तिथं धोटा नाही, टाकी नाही, थंडगार ऑफिस आहे. पण कागदावरच्या नावाला तीच थुंकी दिसली.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून २९ कामगार कायद्यांच्या जागी चार संहिता आल्या आहेत. तीनशेपेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला कामगार कमी करायला सरकारची परवानगी लागत नाही. पूर्वी ही मर्यादा शंभराची होती. संघटना त्यावर बोलत आहेत, बोललंच पाहिजे. पण मी विचारतो, पहिल्यांदा कुणाला कमी करतील? बदलीवर कोण आहे? कंत्राटावर कोण? हे १९२८ चंच सतरा कलमांचं कागद आहे, आणि आपलं कलम पुन्हा यादीत नाही.

म्हणून मित्रांनो, जयंतीच्या मिरवणुकीत नाचून झालं की एक काम करा. ज्या कारखान्यात, दवाखान्यात, नगरपालिकेत तुम्ही किंवा तुमची माणसं राबतात तिथली एक यादी करा. खात्याखात्यानं लिहा, कायम कोण, बदलीवर कोण, कंत्राटावर कोण, घाणीत कोण, खुर्चीत कोण. नाव लिहू नका, वस्ती लिहा. ती यादी घेऊन संघटनेच्या सभेत उभे राहा आणि आपलं कलम मागा. एकजूट फोडता म्हणतील. म्हणू द्या. आणि टाकी तुंबली की गाडीचा फोन नंबर भिंतीवर ठळक अक्षरात लिहून ठेवा.

माझ्या पणजाला साचेखात्याचं दार उघडलं नाही. तो हात चांगला असून सूतखात्यातच म्हातारा झाला. मी त्याच्यासाठी हे लिहिलं. माझ्या पाळीचा भोंगा आता वाजेल.

जय भीम.